भिंतीचं म्हणणं

त्या रविवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत निम्मी गल्ली जमली होती आणि सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती. शाळेत शिक्षा झालेला वर्ग दिसतो तसा देखावा. फरक एवढाच, की शिक्षा झालेली मुलं कंटाळलेली असतात, आणि ही मंडळी मात्र भिंतीकडे अशा आशेने बघत होती की जणू ती आता उठून चहा विचारणार आहे.

चपला दारात मावेनात म्हणून जिन्यावर गेल्या. खुर्च्या संपल्या तशा लोकांनी आपापल्या घरून आणल्या. एक गृहस्थ चपलांची मांडणी रिकामी करून तिच्यावर बसले. ती मांडणी आमच्या पप्पांनी स्वतः बनवलेली होती, त्यामुळे ती मोडली नाही, नुसती ओरडली.

भिंतीसमोर भिंतबाबा उभे होते. करड्या रंगाचा लांब कोट, पायांत लोकरीचे मोजे आणि गळ्यात डॉक्टरांची असते तशी नळी. ते स्वतःला 'घरांचा दुभाषी' म्हणवत. भिंतीला कान असतात हे आपण लहानपणापासून ऐकतो. तिला तोंडही असतं हा शोध बाबांचा.

"घर म्हणजे काय?" बाबांनी विचारलं.

लोक एकमेकांकडे बघू लागले. प्रश्न फार सोपा असला की माणूस घाबरतो.

"चार भिंती?" शेजारच्या काकू चाचरत म्हणाल्या.

"चार भिंती, एक छप्पर आणि मधली पोकळी! भिंती तुम्ही रंगवता. छप्पर तुम्ही दुरुस्त करता. पण त्या पोकळीला कधी विचारलंत, बाई गं, तू कशी आहेस?"

काकूंनी मान खाली घातली. त्यांनी खरंच विचारलं नव्हतं.

"वीट आधी माती असते. माती मुकी. मग ती भट्टीत जाते, चटके खाते. आणि ज्याने चटके खाल्ले त्याला बोलायचं असतंच! फक्त ऐकणारा पाहिजे."

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं.

ज्या भिंतीसमोर हे चाललं होतं ती विटांची नव्हती, बोर्डाची होती. पण इतक्या छान वाक्यात खोडा कोण घालणार?

मग नियम सांगण्यात आले. एक ठोका म्हणजे हो, दोन ठोके म्हणजे नाही. घर खोटं बोलत नाही, कारण त्याला तेवढे शब्दच येत नाहीत. आणि संवाद चालू असताना मागच्या बाथरूममधलं पाणी वाहतं हवं. "वाहतं पाणी ही घराची जीभ," असं म्हणून बाबांनी आपल्या शिष्याला खूण केली. हा शिष्य म्हणजे कपाटाएवढा माणूस. तो खांद्यावर पंचा टाकून मागे गेला आणि त्याने बाथरूमचं दार लावून घेतलं. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला.

"हे घरा," बाबा एवढ्या मोठ्याने ओरडले की आमचं घर बहिरं आहे असं मला वाटलं, "तू जागं आहेस का?"

ठक्!

आवाज थेट भिंतीतून आला. भिंतीवरच्या तसबिरीची काच थरथरली. कुणीतरी "अगं आई" म्हणालं.

"तू सुखी आहेस का?"

ठक्. ठक्.

"छप्पर गळतंय म्हणून दुःखी आहेस?"

ठक्. ठक्.

"बघा, छप्पर नाही म्हणतंय," पप्पा शेजाऱ्याला कोपर मारून म्हणाले. छपराचं काम त्यांनीच केलं होतं.

"कुणा माणसामुळे?"

ठक्.

"पुढच्या खोलीतल्या?"

ठक्. ठक्.

"मागच्या खोलीतल्या?"

या वेळी घराने जरा विचार केला. मग, ठक्.

सगळ्या माना मागच्या खोलीच्या दाराकडे वळल्या. दारात माझी आत्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मागची खोली तिची. तिने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा माणसांकडे.

"साखर ज्याची त्याने घाला," ती म्हणाली आणि ट्रे ठेवून आत गेली.

निकाल असा लागला, की मागच्या खोलीतला भार येत्या रविवारपर्यंत हलवावा. नाही हलवला, तर घर बोलायचं थांबेल आणि करायला लागेल. काय करायला लागेल, ते बाबांनी सांगितलं नाही. ते न सांगणं हाच तर त्यांचा धंदा.

आता हे घर बोलायला कसं लागलं ते सांगतो.

आमच्या पप्पांना घर सुधारायचा नाद आहे. काही माणसांना दारूचा असतो. दारू परवडते, ती निदान बाटलीत मावते. पप्पा कचेरीतून आले की बूट काढायच्या आधी ड्रिल मशीन काढतात. मोबाइलवर एक हसरा माणूस तीन मिनिटांत स्वयंपाकघर नवं करून दाखवतो. पप्पांना तीन महिने लागतात आणि ते हसत नाहीत. पण ज्ञान आहे. गल्लीत कुणीही रंगकाम काढलं की पप्पा रस्त्यावरून सांगतात, "आधी ओल कुठून येते ते शोधा, मग रंग लावा! नाहीतर दोन महिन्यांत पोपडे!" सल्ला अगदी बरोबर असतो. पप्पांचे सगळेच सल्ले बरोबर असतात. ते फक्त स्वतःच्या घरात पाळायचे राहून जातात.

या वर्षी त्यांनी मागची खोली कामाला काढली होती, आत्यासाठी. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण. सगळी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर इस्पितळाने दिलेलं राहतं घर सोडायची वेळ आली. पप्पा स्वतः म्हणाले होते, "ताई, माझ्याकडे ये. तुझ्यासाठी खोली करतो, बघच." आणि केली. खोलीला लागून नवं बाथरूम. त्यात एका बोटाने उघडणारे नि बंद होणारे दांडीचे नळ. पाण्याला जोर हवा म्हणून टाकीला प्रेशर पंप. आणि पुढून मागे नेलेला पाण्याचा पाइप दिसू नये म्हणून बैठकीच्या खोलीत भिंतीपुढे बोर्डाची दुसरी खोटी भिंत. तिला सायीसारखा रंग दिला. खरं सांगायचं तर झकास दिसत होती. पाहुणे आले की पप्पा आधी त्या भिंतीची ओळख करून देत, मग आमची.

आत्या राहायला आली, आणि त्याच आठवड्यात भिंत ठोके द्यायला लागली. सकाळी एक, दुपारी दोन, कधी जेवताना अचानक. आईच्या हातून वाटी पडली. आई म्हणाली उंदीर असेल. पप्पांनी पिंजरा लावला. उंदीर आला नाही, ठोका आला.

तेव्हा शेजारच्या काकूंनी भिंतबाबांना आणलं. काकूंचा स्वतःचा अनुभव होता ना! त्यांच्याकडे रोज दूध उतू जायचं. बाबांनी सांगितलं की ओटा रुसला आहे, रोज दूध तापताना त्याच्यासमोर उभं राहून हात जोडून माफी मागायची. काकू रोज दुधासमोर उभ्या राहिल्या. दूध उतू जायचं थांबलं. दुधासमोर उभं राहिलं की ते कुणाचंच उतू जात नाही, हे मी त्यांना सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "तू अजून लहान आहेस."

बाबा पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सगळ्या घरात फिरून एकेक नळ उघडून बंद केला होता. 'पाण्याची नाडी' बघत होते म्हणे. मागच्या बाथरूमचा नळ त्यांनी दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बघितला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागलेल्या माणसाचं दुःख पसरलं. "फार सोसलंय या घराने," ते म्हणाले.

असो. रविवारची गर्दी गेल्यावर आम्ही चौघं जेवायला बसलो. कुणी बोलत नव्हतं. भिंतसुद्धा.

"तसं नाही गं ताई," शेवटी पप्पांनी तोंड उघडलं. "म्हणजे मला स्वतःला काही... पण आता घरच म्हणतंय तर..."

"घर म्हणतंय," आत्या म्हणाली.

"गावाच्या त्या टोकाला ज्येष्ठांसाठी निवास आहे. मी चौकशी केली. स्वच्छ आहे. बाग आहे."

"मला बाग नको, छोट्या."

पप्पांचे केस पिकलेत, पोट सुटलंय, कचेरीत लोक त्यांना साहेब म्हणतात. आत्यापुढे ते छोट्याच.

"अहो पण वन्सं आल्या आत्ता," आई म्हणाली. "पडदेसुद्धा अजून एकदा धुतले नाहीत त्यांच्या खोलीतले."

"तू नाही ऐकलास ठोका? आणि ताई यायच्या आधी होता का तो? नव्हता! ताई आली, ठोका आला. मी काय मुद्दाम म्हणतोय?" पप्पांचा आवाज चिरकला. त्यांच्या ताटातलं तसंच होतं. आत्याने लहानपणी त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं, आणि आता हा माणूस तिला बागेचं आमिष दाखवत होता. त्यांना झोप लागत नव्हती हे मला माहीत होतं, कारण पहाटे ते गच्चीचं दार घासत बसत.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला," मी म्हटलं.

"तू गप रे, दिवट्या."

आत्या मात्र चिडली नाही. ती शांतपणे पाणी प्यायली आणि म्हणाली, "इस्पितळात आम्हाला एक शिकवलं होतं. पेशंट कळवळून सांगतो, सिस्टर इथे दुखतंय, तिथे दुखतंय. ते ऐकायचं, पण पहिला प्रश्न तो नाही. पहिला प्रश्न, केव्हा दुखतं? खाल्ल्यावर, झोपल्यावर की जिना चढल्यावर? केव्हा ते कळलं की का ते निम्मं कळतं. तुमच्या बाबांनी घराला सगळं विचारलं. केव्हा ठोका देतंस, हे नाही विचारलं."

दुसऱ्या दिवशी पप्पा कचेरीत गेल्यावर आम्ही ते विचारलं. मी बैठकीच्या खोलीत भिंतीशी बसलो, आत्या तिची नेहमीची कामं करत राहिली. दार उघडलं, काही नाही. पंखा लावला, काही नाही. कॉटवर बसली, उठली, पुन्हा बसली. घराला तिचा भार जाणवेना. मग तिने हात धुतले आणि नळाची दांडी खाली दाबली.

ठक्!

"आत्या! पुन्हा!"

ठक्!

"आता हळू बंद कर. मुंगी चालते तशी."

तिने हळूहळू दांडी खाली आणली. भिंत गप्प. पटकन बंद, ठोका. हळू बंद, शांतता. आम्ही जागा बदलल्या. आता नळ माझ्या हातात होता.

"घरा," आत्याने बाहेरून आवाज दिला, "माझा भाचा आळशी आहे का?"

मी दांडीला हातच लावला नाही.

"घराला बोलायचं नाहीये," मी ओरडलो.

"घराला लाज वाटते," आत्या म्हणाली.

पण गंमत बाजूला ठेवू. संध्याकाळी मी पप्पांना सगळं सांगितलं. नळ एकदम बंद केला की आवाज येतो, तो पाइपचा आहे, बोर्डाच्या मागे काहीतरी हलतंय. मला वाटलं होतं, पप्पा आनंदाने उडी मारतील. बहीण राहणार, भूत जाणार, आणखी काय हवं?

पप्पांचा चेहरा लाल झाला.

"पाइपचा आवाज? शक्यच नाही."

"का?"

"पाइप मी टाकलाय."

"म्हणून तर!"

"म्हणून तर नाही! गल्लीतली माणसं मला विचारून खिळा ठोकतात. माझा पाइप वाजेल?"

तेव्हा मला भूतबाधेचं खरं कारण कळलं. पप्पांना घर बोलतं हे मान्य होतं. घराला दुःख होतं, घराला राग येतो, घराला माणसं आवडत नाहीत, सगळं मान्य होतं. फक्त त्यांच्या हातून काम चुकलं, हे मान्य नव्हतं. मोडेन पण वाकणार नाही, तसा हा बाणा. वाकायची पाळी पप्पांची आणि मोडायचं मात्र आत्याने.

मी पुन्हा तोंड उघडणार तोच आत्याने मला खुणेने थांबवलं. "राहू दे," ती हलक्या आवाजात म्हणाली. "एकट्यात सांगितलं तर तो ऐकायचा नाही. चारचौघांत घराने आरोप केलाय, तर चारचौघांतच घराला जबाब देऊ दे."

रविवार उजाडला. आत्याची बॅग खरोखरच भरून दारात ठेवलेली होती. ती तिने स्वतः भरली होती, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझा बाप ऐनवेळी काय करेल सांगता येत नाही. मी जिथे नको झाले तिथे राहायचं नाही, एवढं मी ठरवलंय." तेव्हा पहिल्यांदा मला हसू आलं नाही.

या वेळी गर्दी दुप्पट. भार कसा हलतो ते बघायला लोक लहान मुलांना घेऊन आले होते. शिष्य पंचा टाकून बाथरूममध्ये गेला, दार लागलं, पाणी वाहू लागलं. मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे बेसिनच्या खाली मागच्या बाथरूमच्या पाण्याचा कॉक आहे. तो मी सावकाश, अगदी मुंगीच्या चालीने, बंद केला.

"हे घरा!" बाबा गरजले. "भार हलवण्याची घटका आली! तू तयार आहेस का?"

शांतता.

"हे घरा, तू तयार आहेस का?"

बाबांनी कानांत नळी घातली, भिंतीला लावली, मान डोलावली. "घर भावुक झालंय. कंठ दाटून आलाय." लोकांनी सहानुभूतीने भिंतीकडे बघितलं.

"हे घरा! एकदाच! हो की नाही?"

बाथरूमचं दार थोडं उघडलं आणि कपाटाएवढ्या माणसाचं डोकं बाहेर आलं.

"गुरुजी," ते डोकं म्हणालं, "नळाला पाणीच नाही."

चपलांच्या मांडणीवरचे गृहस्थ मान वळवून बाथरूमकडे बघू लागले.

"पाण्याचं काय घेऊन बसलाय?" आत्याने आश्चर्याने विचारलं. "बोलतंय घर. नळाला पाणी नसलं तर घराचा घसा बसतो की काय?"

"वाहतं पाणी ही जीभ—" बाबा म्हणाले.

"मग जीभ आम्हीही हलवून बघतो. काकू, या इकडे." आत्याने शेजारच्या काकूंचा हात धरून त्यांना बाथरूममध्ये नेलं. शिष्याला पंच्यासकट बाहेर काढलं. मी कॉक उघडला. "काकू, नळ सोडा. आता हळूच बंद करा. ऐकू आलं काही? नाही ना? पुन्हा सोडा. आता दांडी खाड्कन दाबा."

ठक्!

"अगं बाई!" काकू आतून किंचाळल्या. मग पुन्हा, ठक्. मग पुन्हा. त्यांना ते फार आवडलं. "मीच बोलतेय! ए, मला विचारा कुणीतरी काहीतरी!"

"आमच्या ह्यांनी वजन कमी करावं का?" गर्दीतून एक बाई म्हणाली.

ठक्! मांडणीवरचे गृहस्थ उठून उभे राहिले.

"बाबांना घरांची भाषा येते का?" आत्याने विचारलं.

ठक्. ठक्.

लोक हसले, पण सगळे नाही. एक आजोबा ठाम होते. "नळ वाजवला हे ठीक. पण आवाज भिंतीतून का येतो? नळ मागे, आवाज पुढे. त्याचं काय?"

"रास्त प्रश्न," आत्या म्हणाली. "छोट्या, बोर्ड काढ."

पप्पा भिंतीला पाठ लावून उभे होते. आता त्यांनी दोन्ही हातही लावले.

"बोर्ड निघणार नाही. रंग जाईल."

"रंग जाईल किंवा मी जाईन. ठरव."

पप्पांनी दारातल्या बॅगेकडे बघितलं. मग आत्याकडे. मग खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. तो त्यांच्या खिशात कायम असतो, दुसरे लोक रुमाल ठेवतात तसा. एकेक स्क्रू निघत गेला, सायीसारख्या रंगाला तडे गेले आणि बोर्ड खाली आला.

आत पाइप होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मध्ये कशाचाही आधार नसलेला, नुसता लोंबकळणारा.

"काकू, हाणा!" आत्या ओरडली.

काकूंनी दांडी दाबली. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाइपने उडी मारली, तो मागच्या भिंतीवर आपटला आणि थरथरत परत आला. बोर्ड जागेवर असता, तर त्याच्यावरही आदळला असता. पोकळ बोर्ड म्हणजे ढोलच.

"पाणी जोरात धावत येतं," आत्याने आजोबांना समजावलं. "त्यात पंपाचा आणखी जोर. जुना फिरकीचा नळ हळूहळू बंद व्हायचा, ही दांडी एका क्षणात बंद होते. धावणाऱ्या रांगेतला पहिला माणूस अचानक थांबला तर मागचे काय करतील? आदळतील. तसं पाणी आदळतं आणि पाइपला हिसका देतं. पाइप जागोजागी घट्ट धरलेला असेल तर तो हिसका सोसतो. मोकळा असेल तर उडी मारतो. मी आले तेव्हा ठोका सुरू झाला हे खरंच आहे. त्या नळावर हात धुणारी मीच होते."

"पण पाइप धरून ठेवायला क्लॅम्प लावतात ना?" आजोबा म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतंत मला, साहेब. दर हातभर अंतरावर एक क्लॅम्प."

सगळ्यांनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी स्वतःच्या पायांकडे.

"क्लॅम्प लावले असते तर पाइप बोटभर पुढे आला असता," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "बोर्ड सपाट बसला नसता. फुगवटा दिसला असता."

माझ्या वडिलांच्या तोंडून निघालेलं ते आयुष्यातलं सर्वांत अवघड वाक्य असावं.

भिंतबाबा दरम्यान कोटाची बटणं लावून दाराशी पोहोचले होते. पण दारात चपलांचा डोंगर, आणि त्यात त्यांची जोडी सापडेना.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं. "नळ बघितलात तेव्हाच."

बाबा चपला शोधायचे थांबले. "मी आधी नळांच्या दुकानात होतो," ते म्हणाले, आणि त्यांचा गरजणारा आवाज कुठल्या कुठे गेला. "गिऱ्हाइकाला रोज सांगायचो. पाइपला क्लॅम्प लावा, नळ सावकाश बंद करा. कुणी ऐकायचं नाही. एक दिवस चिडून म्हणालो, तुमचं घर दुःखी आहे. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली."

खुर्ची आम्हीही दिली होती.

"आणि माझी खोली?" आत्याने विचारलं. "माणसाला घराबाहेर काढा, हेही दुकानात शिकवतात?"

"लोकांना कारण म्हणून माणूस लागतो, बाई," बाबा म्हणाले. "पाइप सांगितला की पटत नाही." चपला सापडल्या तशा ते निघून गेले. शिष्य पंचा विसरून गेला.

गर्दी पांगायला वेळ लागला. लोक जरा हिरमुसले होते. बोलणारं घर बघायला आलेल्या माणसाला लोंबकळणारा पाइप दाखवला की त्याला फसवल्यासारखं वाटतं. काकू बराच वेळ बाथरूममधून निघेनात. निघाल्या तेव्हा मला कोपऱ्यात गाठून म्हणाल्या, "मग मी ओट्याची माफी मागायची की नाही?"

"दुधाजवळ उभं राहायचं, काकू. माफी मागा नाहीतर गाणं म्हणा."

"गाणं म्हणेन," त्या विचार करून म्हणाल्या.

शेवटी आम्ही चौघं आणि उघडी भिंत उरलो. पप्पा बोर्डाचे तुकडे गोळा करत होते. ते आत्याकडे न बघता म्हणाले, "ताई, झालं ना आता? उद्या क्लॅम्प लावतो. तू बिनधास्त राहा."

"राहीन," आत्या म्हणाली. "पण आधी एक सांग. समज, पाइप नसता. समज, घर खरंच बोलत असतं, आणि खरंच मला काढ म्हणालं असतं. काढलं असतंस?"

पप्पा थांबले. या प्रश्नाला ना एक ठोका पुरत होता, ना दोन. आईने माझा हात दाबून धरला, मी विनोद करीन या भीतीने. मला सुचतही नव्हता.

मग पप्पा हातातला बोर्ड टाकून खाली जमिनीवरच बसले. "मी बॅग भरू दिली तुला," ते म्हणाले. "घर काही म्हणो. मी भरू दिली." आणि माझे पप्पा, ज्यांना गल्लीतली माणसं विचारून खिळा ठोकतात, लहान मुलासारखे रडले.

आत्याने पदराने त्यांचे डोळे पुसले, बॅग उचलली आणि ती मागच्या खोलीत नेऊन रिकामी केली. कपाटाची दारं उघडल्याचा, बंद झाल्याचा आवाज आम्ही बसून ऐकत होतो.

माझं सांगणं थोडक्यात आहे. घरात ठोका ऐकू आला, डाग दिसला, दार आपोआप हललं, तर घाबरायला हरकत नाही, आम्हीही घाबरलो. पण कोण कारण ते विचारायच्या आधी केव्हा होतं ते बघा. नळ बंद केल्यावर? पाऊस पडल्यावर? वारा सुटल्यावर? बहुतेक वेळा उत्तर एखाद्या सुटलेल्या स्क्रूपाशी जाऊन थांबतं, आणि स्क्रू आवळायला बाबा लागत नाही. आपल्या हातून चूक झाली असेल तर ती कबूल करा, त्याने छप्पर कोसळत नाही. आणि कुणी येऊन सांगितलं की तुमची भिंत एखाद्या माणसाला बाहेर काढायला सांगते आहे, तर माणूस आत ठेवा आणि भिंत दुरुस्त करा.